इंजिनातले निम्मे पाणी

वाचकहो, तालुक्याच्या गावी मोटारींच्या सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानात जा आणि 'कूलंट द्या' म्हणून सांगा. दुकानदार उलट तुम्हांलाच विचारील, 'कोणता देऊ? पाणी घालायचा की तयार?' फळीवर दोन तऱ्हेचे डबे असतात. एकावर लिहिलेले असते की, आतला द्रव ठरल्या प्रमाणात पाण्यात मिसळून वापरावा. दुसऱ्यावर बजावलेले असते की, यात पाणी मुळीच घालू नये. पहिल्याला आपण अर्क म्हणू आणि दुसऱ्याला तयार मिश्रण. अर्काचा डबा महाग दिसतो, मिश्रणाचा स्वस्त दिसतो. शेतकरी बिचारा ट्रॅक्टर दारात उभा करून आलेला असतो. तो स्वस्त डबा उचलतो, किंवा 'महाग ते चांगले' या न्यायाने महाग डबा उचलतो. दोन्ही वेळा निवड झालेली असते ती किमतीकडे बघून, कामाकडे बघून नव्हे.

हा प्रश्न दिसतो दुकानातला. पण त्याचे उत्तर दडलेले आहे इतिहासात. हे दोन डबे फळीवर आले कसे, हे एकदा समजले म्हणजे कोणता केव्हा घ्यावा हे आपोआप उमगते. म्हणून आज त्या इतिहासाकडे वळू.

इंजिनात इंधन जळते. त्यातून जी उष्णता निघते तिचा थोडाच भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली बाहेर काढून टाकावी लागते. नाही तर तेल जळेल, दट्ट्या अडकेल आणि यंत्र कायमचे बसेल. कार्ल बेंझ या जर्मन कारागिराने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हापासून या कामासाठी पाणीच मुख्यतः वापरले गेले. त्यात नवल नाही. पाणी स्वस्त, सगळीकडे मिळणारे, आणि उष्णता वाहून नेण्यात त्याची बरोबरी करणारा द्रव क्वचितच सापडेल. पण या गुणी पाण्याला दोन खोडी आहेत. शून्य अंशाला ते गोठते आणि शंभर अंशांना उकळते. शिवाय गोठताना ते आक्रसत नाही, उलट सुमारे नऊ टक्के फुगते. बाटली काठोकाठ भरून बर्फाच्या कपाटात ठेवली तर ती तडकते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. इंजिनाचे ओतीव लोखंडही असेच तडकते.

आपल्याकडे ही भीती फारशी नाही. पण युरोप आणि उत्तर अमेरिका या खंडांत हिवाळ्याचे कित्येक महिने पारा शून्याखाली असतो. तेथल्या पहिल्या मोटारवाल्यांचे हाल काय विचारता! रात्री गाडी ठेवताना रेडिएटरची तोटी उघडून सगळे पाणी काढून टाकायचे आणि सकाळी पुन्हा गरम पाणी भरायचे. वाटेत थांबावे लागले तर यंत्रावर घोंगडी पांघरायची. मग लोकांनी पाण्यात काही ना काही मिसळून पाहिले. मीठ आणि कॅल्शियम क्लोराइड घातले. त्यांनी धातू खाल्ला. मध आणि साखरेचा पाक घातला, ग्लिसरीन घातले. कुणी तर पाण्याऐवजी चक्क रॉकेल ओतले. अमेरिकेतल्या रम्ली कंपनीने १९१० पासून पुढे सुमारे वीस वर्षे 'ऑइलपुल' नावाचे ट्रॅक्टर बनवले. त्यांत इंजिन थंड करण्यासाठी पाणी नसून तेलच खेळवलेले असे. तेल गोठून यंत्र फोडत नाही, हा त्यातला एक मोठा फायदा होता.

पाण्यात दुसरा पदार्थ विरघळला की ते उशिरा गोठते, हे तत्त्व आपल्याही परिचयाचे आहे. उन्हाळ्यात पॉटमध्ये आइस्क्रीम करताना आपण बर्फात खडेमीठ टाकतो. त्यामुळे बर्फ शून्याच्याही खाली जाऊन वितळू लागतो, म्हणून आतले दूध गोठते. मिठाने जे होते तेच मद्यार्कानेही होते, आणि मद्यार्क मिठासारखा धातू खात नाही. म्हणून १९२० च्या दशकात लाकडापासून काढलेला मिथेनॉल आणि साधा मद्यार्क हेच बहुतेकांचे आधार होते. पण मिथेनॉल पासष्ट अंशांना उकळतो आणि साधा मद्यार्क अठ्ठ्याहत्तर अंशांना. इंजिन जरा तापले की तो वाफ होऊन उडून जायचा. हिवाळाभर पुन्हापुन्हा भरत राहायचे, आणि भरायला विसरला त्या रात्री इंजिन फुटायचे!

यावर जो उपाय सापडला तो मुळी मोटारीसाठी शोधलेलाच नव्हता. शार्ल-अदोल्फ वुर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५६ साली एथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव तयार केला. हा द्रव दाट, बिनरंगी आणि चवीला गोड असतो. तो पन्नासहून अधिक वर्षे प्रयोगशाळेच्या कपाटातच राहिला. पहिल्या महायुद्धात जर्मनीत स्फोटके बनवताना ग्लिसरीनची जागा भरून काढण्यासाठी त्याचा उपयोग झाला. १९२५ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या साउथ चार्ल्सटन येथे त्याचा पहिला मोठा कारखाना उभा राहिला. हा कारखाना युनियन कार्बाइड समूहाचा. १९८४ साली भोपाळच्या वायुकांडाने ज्याचे नाव आपल्या घराघरांत गेले, तोच हा समूह. त्याने १९२७ साली 'प्रेस्टोन' या नावाने ग्लायकॉल मोटारवाल्यांना विकायला काढले. जर्मनीत १९२९ साली 'ग्लिसँटिन' आले. ग्लायकॉल उकळते १९७ अंशांना. म्हणजे मद्यार्कासारखे ते उडून जात नाही. एकदा घातले की हिवाळा निभावला!

आता लक्षात घ्या, हा माल सुरुवातीस विकला गेला तो अर्काच्या रूपात. त्याला कारण होते. पाणी तर प्रत्येकाच्या घरी आहे. मग आगगाडीच्या डब्यातून शेकडो मैल पाणी कशाला वाहायचे? शिवाय थंडी सगळीकडे सारखी नसते. एका गावी पारा शून्याखाली दहा अंशांवर थांबतो, तर दुसऱ्या गावी तीस अंशांपर्यंत उतरतो. आपल्या गावच्या थंडीप्रमाणे ज्याने त्याने प्रमाण ठरवावे, हा हिशेब सरळ होता. अर्क म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात दिलेली मुखत्यारी होती.

पण मुखत्यारी आली की चुकाही आल्या. पहिली चूक होती 'शुद्ध तितके चांगले' या समजुतीची. कुणी म्हणेल, थोड्या ग्लायकॉलने एवढा गुण येतो, तर सगळेच ग्लायकॉल भरले तर केवढा येईल! इथेच निसर्गाने गंमत केली आहे. शुद्ध ग्लायकॉल शून्याखाली सुमारे तेरा अंशांवरच गोठू लागते. त्यात बरोबरीने पाणी मिसळा, की तेच मिश्रण शून्याखाली ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ग्लायकॉल साठ टक्क्यांच्या आसपास नेले तर आणखी खाली, पन्नास अंशांच्या जवळपास मजल जाते. पण त्याच्याही फार पुढे गेलात की गाडी उलट फिरते आणि संरक्षण कमी होऊ लागते. शिवाय तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या मानाने ग्लायकॉल निम्म्याहून थोडीच अधिक उष्णता वाहून नेते. म्हणजे निव्वळ अर्क भरणारा माणूस पैसे अधिक घालवतो, गोठण्याची भीती वाढवतो आणि इंजिनही गरम ठेवतो. आमटीत मीठ चिमूटभर हवे म्हणून कुणी मूठभर घालीत नाही. तसेच हे आहे.

हा धडा मोठमोठ्या इंजिनियरांनाही शिकावा लागला. रोल्स-रॉइस कंपनीचे मर्लिन इंजिन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर आणि हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांचे हृदय. या इंजिनाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत शुद्ध ग्लायकॉलच वापरीत. ते पुष्कळ गरम होऊ देता येते, म्हणून रेडिएटर लहान ठेवता येई, आणि विमानाला हवेचा विरोध कमी होई. पण गरम ग्लायकॉल गळू लागले तर ते पेट घेई, आणि इंजिनही फार तापलेले राही. १९४० च्या सुमारास नव्या आवृत्त्यांत बदल झाला. सत्तर भाग पाणी आणि तीस भाग ग्लायकॉल असे मिश्रण दाबाखाली खेळवले जाऊ लागले. प्रेशर कुकरात पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही, तीच युक्ती. इंजिन अधिक थंड राहिले, अधिक टिकले आणि आगीचा धोकाही घटला. ज्या पाण्याला हुसकावून ग्लायकॉल आले होते, त्या पाण्याला सन्मानाने परत बोलवावे लागले!

त्याच युद्धात या साध्या द्रवाची किंमत दुसऱ्या बाजूनेही कळली. १९४१ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्य मॉस्कोच्या वेशीपर्यंत गेले आणि थंडी शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरली. लढाई उन्हाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यापूर्वी संपेल, असा त्यांचा अंदाज होता. गोठणरोधक द्रव, थंडीत चालणारे तेल आणि गरम कपडे, सगळ्यांचाच तुटवडा पडला. इंजिने बंद केली तर गोठत, म्हणून ती रात्रभर चालू ठेवावी लागत, किंवा खाली आगट्या पेटवाव्या लागत. तो पराभव एकट्या थंडीने केला असे म्हणणे सोव्हिएत सैनिकांवर अन्याय होईल. पण थंडीचा वाटा मोठा होता.

तिकडे अमेरिकेत ग्लायकॉल लष्कराकडे वळले आणि बाजारात टंचाई झाली. टंचाई आली की भेसळ येतेच. काही व्यापाऱ्यांनी जुनेच कॅल्शियम क्लोराइडचे पाणी सुबक डब्यांत घालून गोठणरोधक म्हणून विकले. ते गोठत नव्हते हे खरे, पण रेडिएटर आणि इंजिन आतून खाऊन टाकीत होते. शेवटी तेथल्या सरकारला असल्या मालावर बंदी घालावी लागली.

यातून दुसरी गोष्ट पुढे आली. न गोठणे हा या द्रवाचा एकच गुण पुरेसा नाही. त्याने गंजही लागू देता कामा नये. ग्लायकॉल काळाने आंबट होते, म्हणजे त्यात आम्ले तयार होतात. म्हणून १९३० च्या सुमारापासून त्यात गंज रोखणारी द्रव्ये घालण्यात येऊ लागली. पुढे इंजिनांत लोखंडाबरोबर ॲल्युमिनियम आले, रेडिएटरच्या नळ्या बारीक झाल्या, तशी ही गंजरोधके अधिक नाजूक आणि नेमकी होत गेली. आणि मग ध्यानात आले की, आपण त्यात जे पाणी घालतो तेच ही द्रव्ये बिघडवते. विहिरीचे, बोअरचे पाणी जड असते. त्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. काही गंजरोधके त्या क्षारांशी संयोग पावून साक्यासारखी खाली बसतात. उरलेले क्षार तापलेल्या धातूवर थर धरतात. आंघोळीच्या बंबात वर्षभरात जो पांढरा कठीण पापुद्रा बसतो, तोच इंजिनाच्या आत बसला असे समजा. बंबाला उशिरा आधण येते एवढेच. इंजिनाचे मात्र डोके फिरते.

आता तयार मिश्रण कसे आले पाहा. १९६१ साली फ्रान्समध्ये रेनो-४ ही साधी, लोकांच्या आवाक्यातली मोटार निघाली. तिची थंड करण्याची सगळी व्यवस्था कारखान्यातच भरून बंद केलेली होती. मालकाने रोज झाकण उघडून पाणी घालायचे नाही. पाणी कोणते आणि किती, हा निर्णय गिऱ्हाइकाकडून कारखान्याकडे गेला. पुढे हीच पद्धत सगळीकडे पसरली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुकानांतही शुद्ध केलेल्या पाण्यात मोजून मिसळलेला द्रव मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. म्हणजे अर्क आणि मिश्रण यांतला खरा फरक ग्लायकॉलचा नाहीच. निम्मे पाणी कुणी घालायचे, कारखान्याने की तुम्ही, एवढाच तो फरक आहे.

कुणी विचारील, 'हे सगळे बर्फाळ मुलखाचे झाले. आम्हां सोलापूर-जालन्याच्या माणसांना गोठणरोधकाचे काय?' प्रश्न रास्त आहे. लेह-द्रासच्या बाजूस पहारा करणाऱ्या सातारा-कोल्हापूरच्या जवानाला त्याच्या गाडीत हा द्रव किती मोलाचा आहे, ते सांगायला नको. पण आपल्या शिवारातही त्याची दोन कामे आहेत. निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरणारे असेल तर आणखी वर. मे महिन्यात नांगरट चालली असता किंवा भरल्या ट्रॉलीसह घाट चढताना या सात अंशांचा आधार मोठा असतो. दुसरे काम गंज रोखण्याचे. तिथे उन्हाळा-हिवाळा असा भेद नाही. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी पिणारे इंजिन आतून कसे झाले असेल, ते उघडल्यावर मेस्त्री तुम्हांला दाखवील, आणि बिलही देईल.

तर मग घ्यावा कोणता डबा? आधी किमतीचा हिशेब नीट मांडा. एक लिटर अर्कात एक लिटर पाणी घातले की दोन लिटर द्रव होतो. म्हणून एक लिटर अर्काची किंमत आणि एक लिटर बॅटरीच्या पाण्याची किंमत यांची बेरीज करा, आणि ती दोन लिटर तयार मिश्रणाच्या किमतीशी ताडून पाहा. डब्याला डबा लावून तुलना केली तर फसाल. डब्यावर प्रमाण काय लिहिले आहे तेही वाचा. कुठे एकास एक असते, कुठे एकास दोन वा तीन. रंगावर मात्र विसंबू नका. हिरवा, तांबडा, निळा हे कारखानदारांनी घातलेले रंग आहेत. सगळ्या कारखान्यांना बांधून घेणारा एकच नियम त्यांना नाही. तुमच्या यंत्राच्या माहितीपुस्तकात कोणत्या जातीचा द्रव सांगितला आहे, तेच प्रमाण माना, आणि दोन जाती एकत्र करू नका.

पातळी थोडी उतरली आहे आणि तेवढीच भरायची आहे, तर त्याच जातीचे तयार मिश्रण उत्तम. मापाची चूक नाही, पाण्याची शंका नाही. शुद्ध पाणी आणि माप हाताशी नसेल त्यानेही मिश्रणच घ्यावे. त्यात पाण्याचे पैसे जातात खरे, पण ते भरवशाचे पैसे असतात.

अर्काची खरी जागा दुसरी आहे. समजा, तुमच्या इंजिनात एकूण दहा लिटर द्रव मावतो. तुम्ही जुना द्रव काढून आत पाणी खेळवून धुतले. तोटी उघडली तरी इंजिनाच्या पोटात तीन लिटर पाणी अडकून राहिले. आता सात लिटर तयार मिश्रण ओतले, तर त्यात ग्लायकॉल साडेतीनच लिटर. दहा लिटरांत साडेतीन, म्हणजे पन्नास टक्क्यांऐवजी पस्तीस टक्के झाले, आणि गंजरोधकही त्याच मानाने पातळ झाले. अशा वेळी आधी पाच लिटर अर्क ओतावा आणि मग जागा भरेपर्यंत दोन लिटर बॅटरीचे पाणी घालावे. प्रमाण बरोबर निम्मेनिम्मे येते. शेवटची धुणावळ मात्र बॅटरीच्या पाण्यानेच करावी, नाही तर अडकलेले तीन लिटर जडच राहील. शाळामास्तरांनी हे उदाहरण सातवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना जरूर घालावे. मुलांना गणित येईल आणि बापाचा ट्रॅक्टर वाचेल.

आणि एक इशारा, तो या सगळ्याहून मोठा. हा द्रव गोड आहे आणि विषारी आहे. मिश्रणही विषारीच, अर्क तर अधिक. थोडासा पोटात गेला तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. याच कुळातला डायएथिलीन ग्लायकॉल १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरीनमधून आला आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तिथे तज्ज्ञ होते, तपासणीची व्यवस्था होती, तरी असे घडले. मग आपल्या घरात, सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवलेल्या हिरव्या गोड पाण्याचे काय? उरलेला अर्क मूळ डब्यातच ठेवा, कुलपात ठेवा. काढलेला जुना द्रव उघड्या परातीत ठेवू नका. गोडीने कुत्रे किंवा वासरू तोंड घालील. ओढ्यात किंवा विहिरीशेजारी तर मुळीच ओतू नका. चुकून कुणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली, तरी वाट न पाहता दवाखाना गाठा आणि डबा बरोबर न्या.

तापलेल्या इंजिनाचे झाकण लगेच उघडू नये, हे तुम्हांला ठाऊक आहेच; कुकरचे झाकण कुणी शिटी होताच उघडीत नाही.

शंभर वर्षांत माणसाने पाण्याला पर्याय शोधता शोधता मद्यार्क पाहिला, मध पाहिला, शुद्ध ग्लायकॉल पाहिले, आणि अखेर तो निम्म्या पाण्यावर येऊन थांबला. म्हणून पुढच्या वेळी दुकानदाराने 'पाणी घालायचा की तयार?' असे विचारले, तर आधी स्वतःला विचारा: माझ्याकडे शुद्ध पाणी आहे का, माप आहे का, आणि इंजिनात आत किती पाणी उरले आहे? ही तीन उत्तरे ज्याच्याजवळ आहेत त्याने खुशाल अर्क घ्यावा. ज्याच्याजवळ नाहीत त्याने तयार मिश्रण घ्यावे आणि निर्धास्त घरी जावे.